ग्रीसच्या बेटांवर तिथल्या लोकांचं रोजचं जगणं बघायचंय, कुठलं बेट निवडू आणि कधी जाऊ?

समुद्रवेडी

नमस्कार मंडळी, आई आणि मी ग्रीसला जायचं ठरवतोय, साधारण दोन आठवडे मिळतील. आत्तापर्यंत जेवढे टूर प्लॅन बघितले ते सगळे एकाच साच्यातले, अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन, सँटोरिनी दोन, मधे एक बोट राइड आणि घरी परत. आईला आणि मला असं पळत पळत बघण्यात खरंच रस नाहीये. आम्हाला गावातल्या चौकात बसायचंय, बाजारात काय येतं ते बघायचंय, एखादा सण मिळाला तर फारच छान, तिथलं गाणं-वाजवणं ऐकायचंय, तिथल्या घरांत जसं शिजतं तसं जेवायचंय.

आई पासष्टच्या पुढची आहे, चालायला खुटखुटीत आहे पण खूप पायऱ्या चढल्या की गुडघे बोलायला लागतात. पूर्ण शाकाहारी, दूध-चीज चालतं. ग्रीक दोघींनाही येत नाही. तर कुठलं बेट, कुठला महिना, आणि मनात घोळणारा एक प्रश्न, गावच्या सणाला बाहेरच्या माणसाने गेलेलं लोकांना चालतं का? उगाच कोणाच्या घरच्या कार्यात न बोलावता घुसल्यासारखं नको व्हायला.

डेकवरचा_प्रवासी

तुम्ही जे म्हणताय त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे बेट असं निवडा की जिथे हिवाळ्यातही माणसं राहतात. खूप बेटं अशी आहेत की पर्यटकांचा सीझन संपला की हॉटेलं बंद, दुकानं बंद, काम करणारे निम्मे लोक मेनलँडला परत, म्हणजे तुम्ही उन्हाळ्यात बघता ते बरंचसं पाहुण्यांसाठी उभं केलेलं असतं. जिथे शाळा आहे, शेती आहे, मासेमारी आहे, सरकारी कचेऱ्या आहेत तिथे तुम्ही असा किंवा नसा, गाव आपलं चालू असतं, आणि तेच तर बघायचंय ना तुम्हाला.

माझं मत विचाराल तर नॅक्सोस. सायक्लाडीज बेटांमधलं सगळ्यात मोठं, आणि तिथे खरीखुरी शेती आहे, नॅक्सोसचे बटाटे अख्ख्या ग्रीसमधे नावाजलेले, ग्राव्हिएरा नावाचं चीज होतं. बंदराचं गाव म्हणजे खोरा, समुद्राच्या कडेचा रस्ता सपाट आहे, आईंना संध्याकाळी फिरायला उत्तम, आणि बंदराच्या तोंडाशीच अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. पण खरी मजा आतल्या डोंगरी गावांत आहे. हाल्की, फिलोती, अपिरान्थोस. हाल्कीत सिट्रॉनच्या (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) पानांपासून कित्रो नावाची लिकर करतात, तिथली एक डिस्टिलरी १८९६ पासून चालू आहे. अपिरान्थोसच्या गल्ल्यांमधे जमिनीलाच संगमरवर घातलाय, आणि तिथल्या बायकांचं मागावरचं विणकाम प्रसिद्ध आहे. खोराहून या गावांना बस जातात, फक्त परतीच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवायची, दिवसाला मोजक्याच असतात.

अथेन्सच्या पिरेयस बंदराहून साधी मोठी फेरी पाच-साडेपाच तासांत नॅक्सोसला नेते. हायस्पीड कॅटामरान लवकर पोचते पण तिकीट बरंच महाग आणि बहुतेकींना उघडा डेक नसतो, आत खिडकीपाशी बांधल्यासारखं बसून राहायचं. मी तर म्हणेन मोठीच फेरी घ्या, एकेक बेट येतं, मागचा दरवाजा धाडकन खाली पडतो, ट्रक, आज्या, फळांची खोकी, सैनिकी नोकरीतली पोरं सगळं पाच-दहा मिनिटांत चढतं-उतरतं, बेटावरचं आयुष्य त्या दारातूनच आत येतं आणि बाहेर जातं हे डोळ्यांनी दिसतं.

ऑलिव्हची_फांदी

मी काही वर्षं अथेन्समधे राहिलेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे, त्यामुळे सणांबद्दल लिहिते. समुद्रवेडी, आधी कॅलेंडर उघड, बेट नंतर ठरव.

तिथे प्रत्येक गावातल्या चर्चचा एक संत असतो आणि त्या संताच्या दिवशी गावची जत्रा, पानिगिरी म्हणतात. आदल्या संध्याकाळी चर्चमधे प्रार्थना, मग चौकात लांबच लांब टेबलं, सायक्लाडीजमधे असाल तर व्हायोलिन आणि लाउतो नावाचं तंतुवाद्य, आणि नाच रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत. सगळ्यात मोठा दिवस १५ ऑगस्ट, मेरीमातेचा. तिनोस बेटावर त्या दिवशी देशभरातून भाविक येतात, बंदरापासून पानायिया एव्हांगेलिस्त्रिया चर्चपर्यंतच्या चढावर काही जण गुडघ्यांवर रांगत जातात, रस्त्याच्या कडेने त्यांच्यासाठी कार्पेट अंथरलेलं असतं. १८२३ मधे तिथे जमिनीत मेरीमातेचं पवित्र चित्र सापडलं तेव्हापासूनची ही यात्रा. बघताना घशात आवंढा येतो. पण आईंना घेऊन १५ ऑगस्टला जायचा सल्ला मी देणार नाही, ऊन, गर्दी, राहायला खोली नाही, फेरीत जागा नाही, सगळा देशच सुट्टीवर असतो.

त्यापेक्षा सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे घे. ८ सप्टेंबरला मेरीमातेचा जन्मदिवस आणि १४ ला पवित्र क्रूसाचा दिवस, दोन्हींना ठिकठिकाणी छोट्या जत्रा असतात, समुद्र कोमट, गर्दी उतरलेली, द्राक्षांची तोडणी चालू. कुठल्या गावात आहे ते उतरल्यावर खोलीच्या मालकिणीला विचार, चौकात पोस्टरही लावलेलं असतं.

आणि घुसल्यासारखं अजिबात वाटून घेऊ नकोस. पानिगिरी सगळ्यांसाठी उघडी असते. तुम्ही जेवण-वाइन विकत घेता, त्या पैशातूनच बहुतेक ठिकाणी चर्चचा नाहीतर गावाचा खर्च निघतो, म्हणजे तुम्ही येणं त्यांना उपयोगाचंच आहे. फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळ. चर्चमधे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नाचाच्या साखळीत शिरायचं तर शेवटच्या टोकाला हात धर, पुढे नाचवणाऱ्याच्या शेजारी मधेच नको, ती जागा मानाची असते, कधीकधी त्या माणसाने वाजवणाऱ्यांकडून ते गाणं खास मागून घेतलेलं असतं. पाय चुकले तर कोणी काही म्हणत नाही, शेजारची आजी हात घट्ट धरून तुला बरोबर ओढून नेते. आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या तोंडावर मोबाइल धरू नये, हे तुला सांगायची गरज नाही म्हणा.

हिरवी_मिरची_७७

शाकाहारासाठी काळजी करू नका हो, ग्रीसच्या घरगुती जेवणात बिनमांसाचं एवढं आहे की दोन आठवडे पुरून उरेल. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षात खूप असतात, त्या दिवसांत मांस, दूध, अंडं बंद, म्हणून पिढ्यान् पिढ्या नुसत्या भाज्या आणि कडधान्यांवर त्यांनी काय काय करून ठेवलंय. ऑलिव्ह ऑइलमधे मंद शिजवलेल्या भाज्यांना लादेरा म्हणतात, मेनूत तो भागच वेगळा असतो. फरसबी टोमॅटोत शिजवलेली, वांगी-बटाटे-झुकिनी ओव्हनमधे भाजलेलं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यांएवढे नाही, त्याहून बरेच मोठे असे गिगान्तेस नावाचे पांढरे बीन्स, रानभाज्या उकडून वर लिंबू आणि तेल, त्याला होर्ता म्हणतात. फावा म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, अगदी आपल्या घट्ट वरणासारखं, वर कच्चा कांदा आणि तेल, आईंना पहिल्याच दिवशी द्या, जीव शांत होईल. सिफनोस बेटावर तर शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे भरून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी सकाळी चर्चहून आल्यावर खातात.

विचारून घ्यायचं ते एवढंच, भरलेले टोमॅटो-सिमला मिरची म्हणजे गेमिस्ता आणि द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस, हे दोन्ही कुठे नुसत्या भाताचे असतात तर कुठे खिमा घातलेला असतो. होरीस क्रेआस म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. सूपमधे मटण-चिकनचं पाणी असू शकतं तेही विचारा. रात्रीचं जेवण नऊच्या आधी गावातले लोक जेवत नाहीत, सात वाजता गेलात तर फक्त पाहुणे दिसतील. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कोणी उठवत नाही, आणि शेवटी बऱ्याचदा गोड काहीतरी नाहीतर फळं दुकानवाला स्वतःहून आणून ठेवतो, त्याला नाही म्हणू नका.

समुद्रवेडी

अरे वा, एवढं सगळं! आईला वाचून दाखवलं, ती फावावरच अडकलीये. सप्टेंबर पक्का. पण ऑलिव्हची_फांदी ताई, ईस्टरबद्दल खूप ऐकलंय, २०२७ ला ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे ला आहे असं दिसलं, सप्टेंबरऐवजी तेव्हा गेलो तर? आणि सँटोरिनी पूर्णच सोडायचं का, मन थोडं हलतंय.

ऑलिव्हची_फांदी

ईस्टर म्हणजे तिथला वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेली येशूची शवपेटी गावातून फिरवतात, हायड्रा बेटावर कामिनी नावाच्या वस्तीत ती खांद्यावर घेऊन माणसं समुद्राच्या पाण्यात उतरतात. कॉर्फूत शनिवारी सकाळी बाल्कन्यांमधून पाण्याने भरलेली मोठाली मडकी खाली फोडतात. शनिवारी मध्यरात्री सगळे दिवे बंद आणि एका ज्योतीवरून हजारो मेणबत्त्या पेटत जातात, लोक ती ज्योत जपत घरी नेतात. सिरोसवर तर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघंही एकाच तारखेला ईस्टर करतात, दोन्ही मिरवणुका एकाच गावात बघायला मिळतात.

पण आईंचा विचार करून सांगते, रविवारी घराघरांच्या अंगणात अख्खं कोकरू सळईवर भाजत असतं, दिवसभर, आणि शनिवारी रात्रीचं सूपही कोकराच्या आतड्या-काळजाचं असतं. त्याआधीचा आठवडा कडक उपासाचा, तेव्हा जेवण त्यांच्या सोयीचं, पण तो एक दिवस त्यांना जड जाईल का ते त्यांनाच विचार. समुद्रही तेव्हा गारच असतो.

लाव्हा_आणि_द्राक्षं

सगळे सँटोरिनीला नाकं मुरडतात म्हणून लिहितोय. गर्दी ओइयाच्या टोकाला आणि फिराच्या कड्यावर असते, क्रूझची जहाजं आली की जास्तच. पण अक्रोतिरी काय सोडायचं? साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं अख्खं शहर, दुमजली-तिमजली घरं, रांजण जागच्या जागी, आता वर छप्पर आहे त्यामुळे सावलीत चालत बघता येतं. तिथली द्राक्षाची वेलही बघा, वाऱ्यापासून वाचवायला जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत धरतात. पिर्गोस किंवा एम्पोरियो अशा आतल्या गावात राहायचं, कड्यावर नाही. या बेटावर शेतकरी अजून आहेत, टोमॅटो आणि फावाची डाळ इथलीच नावाजलेली. मात्र पायऱ्या सगळीकडे आहेत, तो आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे.

डेकवरचा_प्रवासी

लाव्हाभाऊंचं अक्रोतिरीबद्दल शंभर टक्के पटतं. तरी दोन आठवड्यांत माझी मांडणी अशी, अथेन्सला सुरुवातीला दोन-तीन रात्री, मग नॅक्सोसला एकाच खोलीत आठवडाभर, मग जमलं तर सिरोस किंवा सँटोरिनी यातलं एकच, दोन्ही नाही. एका जागी आठवडा राहिलं की तिसऱ्या-चौथ्या सकाळी बेकरीवाली ओळखायला लागते, कॅफेनियोत, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, तावली (बॅकगॅमनसारखा खेळ) खेळत फासे टाकणारे म्हातारे मान हलवून कालिमेरा, म्हणजे शुभ सकाळ, म्हणतात, आणि मग गप्पा भाषेशिवायही होतात. दर दोन दिवसांनी बॅग भरली तर हे कधीच होणार नाही. सिरोस घेतलं तर एर्मुपोलीत राहा, संगमरवरी चौक, १८६४ चं अपोलो थिएटर, आणि रेबेतिको या ग्रीक शहरी लोकगीतांचा मोठा माणूस मार्कोस वाम्वाकारिस १९०५ मधे याच बेटावर जन्मला. वरच्या आनो सिरोसला टॅक्सीने चढा आणि पायऱ्या फक्त उतरायला ठेवा.

आता वारा. मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमधे जोरात असतो, सप्टेंबरात कमी होतो पण संपत नाही. फार सुटला की बंदरातून बोटी सोडायला बंदी येते, आणि कॅटामरान सगळ्यात आधी थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, शेवटची निदान एक रात्र, जमलं तर दोन, अथेन्सलाच ठेवा. बोट चुकली म्हणून विमान चुकणं फार महागात पडतं.

बारीकसारीक: दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ, गावात मोठ्याने बोलत फिरू नये, कोणाचं दार वाजवू नये. टॉयलेट पेपर कमोडमधे टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात, पाइप अरुंद असतात. बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी पीत नाहीत, मालकिणीला विचारा. डोंगरी गावांत रोख युरो जवळ असू द्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, सप्टेंबरसाठी वसंतातच भरून टाका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

समुद्रवेडी

डेकदादा, हीच मांडणी घेतोय. आईने ईस्टरला नको म्हटलं, सप्टेंबरच. नॅक्सोस आठवडाभर, मग सँटोरिनीला आतल्या गावात तीन रात्री अक्रोतिरीसाठी, आणि शेवटी अथेन्स. आता एवढंच सांगा, नॅक्सोसला खोरा गावात राहावं की सरळ हाल्कीसारख्या गावात खोली घ्यावी?

डेकवरचा_प्रवासी

गाडी चालवणार असाल तर हाल्की, फक्त आंतरराष्ट्रीय परमिट इथूनच काढून न्या. बसवर अवलंबून असाल तर खोराच, बंदराजवळची, पण किल्ल्याच्या चढावरची नको. आणि ८ सप्टेंबरच्या आधी पोचा, म्हणजे जत्रा कुठल्या गावात आहे ते शोधायला वेळ मिळेल.