कोल्हापुरात सत्तर खुर्च्यांचं नाट्यगृह, आणि तिथे फक्त नवी नाटकं: चालेल का?

विंगेतला
राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर दरवर्षी नव्या संहिता येतात. लिहिण्यात वर्ष जातं, नोकऱ्या सांभाळून तालमी होतात, नेपथ्याला पदरचे पैसे जातात आणि प्रयोग होतो एक. अंतिम फेरीत गेलं तर दोन. मग नेपथ्याच्या लेव्हल्स (लाकडी चौथरे) कुणाच्या तरी गोठ्यात, संहिता कपाटात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा गाव हळहळलं. ते साहजिकच होतं. पण ते उभं होतं तेव्हाही या नाटकांना तिथली दुसरी तारीख परवडत नव्हती. एवढ्या खुर्च्या भरणार कोण?

उद्यमनगरात एका मित्राचं फौंड्रीचे पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) ठेवायचं गोदाम रिकामं पडलंय. सत्तर खुर्च्या, काळे पडदे, आठ पार कॅन दिवे, महिन्यातून दोन शनिवार-रविवार. नियम एकच: ज्याचे पाचापेक्षा जास्त प्रयोग झालेत ते नाटक इथे लागणार नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची जी चळवळ झाली, तिच्या मुळाशी परवडणारी जागा होती. आपल्याला तेवढंच हवंय.

तिसरी घंटा
जागेला विरोध नाही, नियमाला आहे. नवं आहे म्हणून बघा, हे प्रेक्षकाला का सांगायचं? स्पर्धेत एका प्रयोगात संपणाऱ्या दहा नाटकांतली सात संपायच्याच लायकीची असतात. परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसून मी ती बघितलीत. पाऊण तास अंधार, एक स्पॉट आणि 'मी कोण?' असं विचारणारं पात्र.

शिवाय छबिलदासचं नाव घेताय, तर ती चळवळ चालवणाऱ्या आविष्कार या नाट्यसंस्थेची सुरुवात आठवा. १९७१ मधलं त्यांचं पहिलं नाटक 'तुघलक'. कन्नडमध्ये कधीच गाजलेलं, मराठीत विजय तेंडुलकरांनी आणलेलं, आणि प्रमुख भूमिकेत आपल्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक. तुमचा नियम असता तर तुघलकला दारातून परत पाठवलं असतं.

विंगेतला
मराठीत ते तेव्हा नवंच होतं की! अनुवादाला मनाई नाही. आणि सात टाकाऊ हे मान्य, पण उरलेल्या तिनांचं काय? तीही सातांबरोबरच मरतात.

रंकाळ्याचा वारा
भावा, घरात सांगितलं नाटकाला जायचंय, तर पहिला प्रश्न "कोण हाय त्यात?" सिरियलमधलं तोंड नसंल तर आमची मंडळी साडी बदलत न्हाईत. आणि शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरात गाडी कुठं लावायची ते आधी सांगा.

पान नंबर चौदा
मी लिहिणारी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाटक पहिल्या प्रयोगात लिहून होत नाही. माझ्या एका एकांकिकेत शेवटी आई चहा गाळते आणि मुलीला न विचारता दुसऱ्या कपात अर्धा ओतते. त्यानंतर दोघींचं पानभर बोलणं होतं. तालमीत सगळ्यांना ते पान आवडायचं. प्रयोगाला मात्र कप पुढे सरकला तेव्हा खोकलासुद्धा ऐकू आला नाही, आणि बोलणं सुरू झाल्यावर खुर्च्या करकरायला लागल्या. तेव्हाच कळलं की त्या पानाची गरज नव्हती. ते काढून पुन्हा करायला जागा मिळाली असती तर नाटक कुठल्या कुठे गेलं असतं. नट पांगले, एकाची बदली झाली, विषय संपला.

घंटा दादा, तुम्ही ज्यांना टाकाऊ म्हणता त्यातली कित्येक अशी पहिल्या खर्ड्यावर अडकलेली असतात. जुनी गाजलेली नाटकं पंचवीसाव्या प्रयोगानंतरची बघून तुम्ही नव्याचा पहिला प्रयोग तोलता. पण विंगेतला, एक अट घाला: दुसऱ्या प्रयोगाआधी लेखकाने पुन्हा लिहायलाच हवं. तशी अट नसेल तर ते नुसतं गोदामच राहील.

जमाखर्च
सत्तर खुर्च्या, तिकीट १५०, निम्म्या भरल्या तर ५,२५०. वीज, प्रकाशवाला, जाहिरात आणि लेखकाचं मानधन (ते द्यायचंच, फुकटात संहिता घ्यायची सवय बंद करा) हे वजा जाता संस्थेच्या हातात प्रवासखर्चही उरेल असं वाटत नाही. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. संस्था म्हणून नोंदणी करायला सात माणसं लागतील. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागेल, म्हणजे आयत्या वेळी नाटक बदलायची सोय नाही.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या गोदामाला दारं किती? एकच शटर असेल तर मी सभासद होणार नाही. लाकडी पॅटर्नचा भुसा, काळं कापड, तापलेले दिवे आणि आत सत्तर माणसं. ज्या गावाने नाट्यगृह जळताना बघितलंय, त्या गावात हा प्रश्न पाचव्या पोस्टपर्यंत कुणाला पडू नये?

विंगेतला
एक शटर, मागे एक छोटं दार आहे. सध्या त्याच्यासमोर भंगार आहे. हलवतो.

वडसा लाईन
ब्रह्मपुरीहून. नवं नाटक चालत नाही हे ऐकून हसू आलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या दर हंगामाला नवी नाटकं काढतात, आणि धान निघालं की गाव तिकीट काढून बसतं. लेखकाचं नाव विचारत नाही कुणी.

तिसरी घंटा
तिथे गाणी आहेत, विनोद आहे, शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) जत्रा आहे. गाव नाटकाला येतं ते सोहळ्याला येतं. उद्यमनगरच्या गोदामात सोहळा कुठून आणणार? आणि निवड कोण करणार, हे अजून कुणी बोललेलं नाही. चार मित्र एकमेकांची नाटकं लावणार असतील तर दोन वर्षांत शटर खाली.

विंगेतला
महिन्याच्या पहिल्या रविवारी जाहीर अभिवाचन. ऐकणाऱ्यांनी ठरवायचं.

रंकाळ्याचा वारा
म्हंजे ज्याचं भावकीतलं माणूस जास्त, त्याचं नाटक. ग्रामपंचायत झाली की वो ही!

पान नंबर चौदा
बरोबर आहे. मतदान नको. ज्याला नवं सहज आवडत नाही असा एक माणूस निवडीवर बसवा. घंटा दादा, तुम्हीच बसा.

तिसरी घंटा
माझं नाव परस्पर घालू नका. नियमाला विरोध कायम आहे. संहिता पाठवा, वाचेन. मोबाईलवर नको, प्रिंट काढून. आणि 'मी कोण?' विचारणारं पात्र असेल तर पोस्टेज वाचवा.