एमजीबीचा क्लच: सील किटवर भागेल का?

रिव्हर्स_अडला: गाडी १९७२ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. चार-पाच वेळा पॅडल मारल्याशिवाय क्लच सुटत नाही, रिव्हर्स करकरत पडतो. क्लचच्या टाकीतलं हायड्रॉलिक फ्लुइड आठवड्यात बोटभर उतरतं. खाली झोपून स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सवरचा, क्लच ढकलणारा) रबरी बूट जरा सरकवलं, तर काळं गढूळ फ्लुइड मनगटापर्यंत ओघळलं. बजेट फक्त सील किटचं आहे, नवीन सिलिंडर नको. किटवर भागेल का?

जुना_पाना: मास्टर (पॅडलजवळचा सिलिंडर), स्लेव्ह, होज तिन्ही नवीन टाका. मी एकट्या स्लेव्हचं सील बदललं, महिन्याभरात मास्टर गळायला लागला. पॅडलबॉक्सचा रंग सोलून निघाला तो वेगळाच.

ओव्हरड्राइव्ह७४: रिलीज बेअरिंगही (क्लच दाबून सोडवणारं) बदला. एमजीबीत ते कार्बनचं असतं, झिजतंच. मी पूर्ण क्लच बदलला, पॅडल आता लोण्यासारखं चालतं.

तेलकट_हात: अहो, त्यासाठी इंजिनच उतरवावं लागतं! गळतंय ते स्लेव्ह, आणि ते बाहेरच दोन बोल्टांवर आहे.
किट आणण्याआधी पिस्टन काढा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) स्पिरिटने पुसा, टॉर्च मारून बघा. नुसते डाग असतील तर किट चालेल. नखाला खड्डा लागला तर किट वाया. मग त्याच सिलिंडरला आतून स्टीलचा स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) मारून घ्या. पेट्रोलने धुऊ नका, सील फुगतात.
पॅडलला मास्टरच्या दांड्याशी जोडणारी क्लेव्हिस पिनही काढून बघा. माझी मधोमध निम्मी झिजली होती, पॅडलचा बराच प्रवास तिथेच जात होता. तीस वर्षं या गाड्या उघडतोय, ही पिन कुणी बघत नाही.

जुना_पाना: म्हणूनच म्हटलं, तिन्ही नवीन टाका.

निळी_रोडस्टर: डॉट ५ सिलिकॉन फ्लुइड भरा. रंग खात नाही, पाणी शोषत नाही.

तेलकट_हात: जुन्या डॉट ४ वर (ते ग्लायकॉलचं फ्लुइड) ओतू नका, दोन्ही मिसळत नाहीत. आणि डॉट ५.१ म्हणजे सिलिकॉन नव्हे, ते ग्लायकॉलच.

निळी_रोडस्टर: ५.१ चं नाव मी काढलंच नव्हतं.

रिव्हर्स_अडला: उघडलं. पिन खरंच झिजलेली, बदलतोय. बोअरमध्ये तळाकडे मोहरीएवढे दोन खड्डे आहेत, पण सील फिरतं तो पट्टा गुळगुळीत. किटच टाकतो.

तेलकट_हात: नका टाकू. क्लच झिजतो तसा स्लेव्हचा पिस्टन आत आत बसत जातो. सील एक दिवस त्या खड्ड्यांवर येणारच.

रिव्हर्स_अडला: पटतंय, पण तोवर स्लीव्हचे पैसे साठतील. किट बसवलंय, आता हवा निघत नाहीये. पॅडल अजून स्पंजसारखं लागतंय.

ओव्हरड्राइव्ह७४: खालून भरा. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) नळी लावून पिचकारीने फ्लुइड हळूहळू वर ढकला, बुडबुडे मास्टरच्या टाकीत येतात. टाकी आधी अर्धी रिकामी करा, नाहीतर बॉनेटखालचा रंग गेलाच.