पश्चिमेला समुद्र असलेल्या जागेवर खोल्यांची दिशा कशी ठरवावी?

सड्यावरचा

आमची रत्नागिरी तालुक्यात, शहराच्या उत्तरेला, सड्याच्या (कातळी पठाराच्या) पश्चिम उतारावर ११ गुंठे जागा आहे. पूर्वेला रस्ता आहे, पश्चिमेला जमीन उतरत जाते आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. येत्या दिवाळीनंतर तेथे सुमारे १२०० चौरस फुटांचे, फक्त तळमजल्याचे घर बांधण्याचा विचार आहे. आई-वडील तेथे बाराही महिने राहतील आणि आम्ही सुट्ट्यांत येऊन जाऊन राहू.

वास्तुविशारदांनी जो आराखडा दिला आहे, त्यात दिवाणखाना आणि आई-वडिलांची झोपण्याची खोली पश्चिमेला असून दोन्हींना जमिनीपासून छतापर्यंत काचेची सरकती दारे आहेत. स्वयंपाकघर व न्हाणीघर रस्त्याच्या बाजूला, आणि वर सपाट स्लॅब. कागदावर हे फार देखणे दिसते. मात्र वडिलांचे म्हणणे असे, की आमच्या जुन्या घराला पश्चिमेकडे हातभर रुंदीची एकच खिडकी होती आणि तीही मृग लागला की दसऱ्यापर्यंत बंद असे, ते काही उगाच नव्हते. आईची काळजी निराळी आहे: आमसुले आणि पापड वाळवायला ऊन कोणत्या बाजूला मिळेल, हे तिला आराखड्यावरून कोणीच सांगू शकलेले नाही.

समुद्र दिसावा, पण दुपारी घरात बसवेल अशी सावलीही असावी, यासाठी कोणती खोली कोणत्या बाजूला घ्यावी? ज्यांनी किनाऱ्यालगत घर बांधून त्यात निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आहे, त्यांचे अनुभव विशेष हवे आहेत.

चिरेबंदी

मी बरीच वर्षे याच जिल्ह्यात घरांच्या बांधकामावर देखरेख केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रत्नागिरी साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दक्षिणेला ऊन आणि उत्तरेला सावली हा पुस्तकी नियम येथे वर्षातले नऊच महिने चालतो. ८ मेच्या सुमारास दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, त्यानंतर उत्तरेकडे सरकतो आणि ५ ऑगस्टच्या सुमारास परतताना पुन्हा डोक्यावर येतो. येथे ‘दुपार’ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला राहतो, म्हणून सूर्य माथ्यावर यायला येथे सरासरी बारा वाजून सदतीस मिनिटे होतात. उन्हाची तीव्रता पाच वाजले तरी का उतरत नाही, याचे अर्धे उत्तर यात आहे.

दक्षिणेची बाजू सांभाळायला सर्वांत सोपी. २१ मार्चला दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ७३ अंशांवर असतो, म्हणजे पाच फूट उंचीच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला की तेव्हापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचे ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य साडेएकोणपन्नास अंशांपर्यंत खाली येतो आणि खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत उतरते. पावसाळ्यात भिंतींनी आणि गाद्यांनी धरलेली ओल काढायला हे ऊन उपयोगी पडते, ते अडवू नये.

खरी अडचण पश्चिमेची आहे. एप्रिलच्या मध्यावर सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य जेमतेम ३३ अंशांवर असतो. त्या वेळी दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या भिंतीवर फक्त सव्वा फूट सावली पाडतो, म्हणजे तो असून नसल्यासारखाच. काचेच्या दारातून आलेले ऊन फरशी तापवते आणि ती उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे पडवी. आठ फूट रुंदीची पडवी घेऊन तिची वळचण, म्हणजे छपराची खालची कड, सात फुटांवर ठेवली, तर त्याच वेळी भिंतीचा फक्त तळाचा दोन फुटांचा भाग उन्हात राहतो. तासाभराने मात्र सव्वाचार फुटांपर्यंत ऊन चढते, त्यासाठी पडद्याची किंवा झाडाची सोय लागेलच.

वळचण खाली घेतली तर समुद्र दिसणार नाही, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते आणि तुमची जमीन तर पुढे उतरत जाते. समुद्र पाहायला जमिनीपासून दोन ते सहा फुटांमधली मोकळी जागा पुरते. त्याच्या वरची काच समुद्र दाखवत नाही, केवळ आकाश आणि ऊन आत घेते.

स्लॅबविषयीही बोलले पाहिजे. या अक्षांशावर उन्हाळ्याच्या दुपारी सर्वांत अधिक ऊन छपरावर पडते, भिंतींचा क्रमांक त्यानंतर. उघड्या सपाट स्लॅबखाली खोली कोणत्याही दिशेला असली तरी रात्री दहापर्यंत तापलेलीच राहील. स्लॅब हवाच असेल तर त्यावर कौलांचे उतरते छप्पर घ्या आणि मधल्या जागेतून वारा दोन्ही टोकांनी खेळता ठेवा.

माझी मांडणी अशी असेल: दिवाणखाना वायव्येला आणि त्यापुढे पूर्ण पश्चिम बाजूला पडवी, आई-वडिलांची खोली आग्नेयेला, म्हणजे सकाळचे ऊन मिळून दुपारी घराचीच सावली पडेल, स्वयंपाकघर ईशान्येला, आणि पश्चिमेची उरलेली भिंत न्हाणीघर, संडास, कोठीची खोली यांना द्यावी, कारण तेथे दुपारी कोणी बसत नाही.

रातांबा

मी वेंगुर्ले तालुक्यात घर बांधले, त्याला आता सात पावसाळे झाले. तुमच्या आराखड्यात जी काचेची दारे आहेत तशीच आम्हीही पश्चिमेला घेतली होती, त्यामुळे चिरेबंदी यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ मला आमच्या दिवाणखान्यात बसून वाचल्यासारखी वाटली. पहिल्या उन्हाळ्यात तीन ते सहा या वेळात त्या खोलीत कोणी बसू शकत नसे. जाड पडदे लावले, तर समुद्रही गेला आणि वाराही.

मात्र आम्हाला अधिक नुकसान उन्हाने केले नाही, पावसाने केले. जून-जुलैमध्ये वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि झड अशी आडवी लागते की सरकत्या दारांच्या खालच्या खाचेत पाणी साचून ते आत येते. आम्ही रात्री उठून फडकी पिळत होतो. जांभ्याची उघडी भिंत शोभेसाठी ठेवली होती. चिरा सच्छिद्र असल्यामुळे तिने पाणी ओढले आणि आतल्या बाजूला बुरशी आली. तिसऱ्या वर्षी नऊ फुटांची पडवी काढली, चार दारांपैकी दोन काढून तेथे भिंत व खिडक्या केल्या, आणि पावसाळ्यापुरती पडवीला बाहेरून जाड कापडाची झडप बांधतो. पूर्वी लोक माडाच्या झावळ्या विणून हेच करीत असत. ज्या पैशांत हे झाले, त्यात आधीच एक खोली वाढली असती.

आता वाळवणाविषयी, कारण हा प्रश्न आराखडा काढणाऱ्यांना सुचत नाही. उत्तरेचे अंगण त्यासाठी ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर असल्यामुळे ऊन कोठेही मिळते, पण डिसेंबरात पंधरा फूट उंचीच्या घराची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेला बारा-तेरा फूट पडते आणि तेथे शेवाळ लवकर सुकत नाही. आमचे खळे, म्हणजे वाळवणाचे अंगण, दक्षिणेला आहे आणि स्वयंपाकघराचे दार त्याच बाजूला उघडते. रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साले रस लावून पुन्हा पुन्हा उन्हात टाकावी लागतात आणि वळवाचे ढग दिसले की पळत उचलावी लागतात, तेव्हा खळे स्वयंपाकघरापासून पाच पावलांवर हवे. तुमच्या आईंना स्वयंपाकघर आग्नेयेला देऊन पाहा. वास्तुशास्त्र मानणारे नातेवाईकही गप्प बसतील. मात्र तेच नातेवाईक ज्येष्ठांची खोली नैर्ऋत्येला घ्या म्हणतील, तेव्हा ऐकू नका. हिवाळ्यातले मावळतीचे ऊन आणि पावसाळ्यातली झड दोन्ही त्याच कोपऱ्यावर येतात.

मतलई

चिरेबंदी यांच्या मांडणीतील एका गोष्टीला माझी हरकत आहे. सूर्य चुकवण्यासाठी त्यांनी न्हाणीघर व संडास पश्चिमेला नेले, पण वाऱ्याचा विचार केला नाही. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. ज्या बाजूने वारा घरात शिरतो त्याच बाजूला संडास असेल, तर त्याचा वास दिवसभर घरातून फिरेल. शिवाय पश्चिमेची भिंत अशा बंद खोल्यांनी भरून टाकली, तर एप्रिलच्या दुपारी जो एकमेव दिलासा समुद्र आपल्याला देतो, तोच आपण नाकारतो.

पश्चिमेकडून ऊन, वारा आणि झड या तीन गोष्टी येतात. त्यांपैकी ऊन आणि झड थांबवून वारा आत घेणे शक्य आहे. पडवीच्या आत, खाली दोन फुटांवर सुरू होणाऱ्या रुंद खिडक्या घ्या, त्यांना काचेऐवजी आडव्या फळ्यांच्या लाकडी झडपा लावा आणि समोरच्या पूर्वेच्या भिंतीत तेवढ्याच किंवा थोड्या मोठ्या खिडक्या ठेवा, कारण वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आतही येत नाही. रात्री उलट होते: जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते मंद असतात, म्हणून झोपण्याच्या खोलीला पूर्वेची खिडकी पलंगाच्या उंचीवर असावी. पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडक्या बंदच राहतील, तेव्हा प्रत्येक खोलीला उत्तरेची किंवा पूर्वेची एक तरी उघडता येणारी खिडकी हवी, नाहीतर घर चार महिने कुबट राहते.

चिरेबंदी

मतलई यांचा आक्षेप मला मान्य आहे. न्हाणीघर व संडास पश्चिमेच्या मध्यावर किंवा वायव्येला न ठेवता अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, खिडक्या दक्षिणेकडे उघडतील असे घ्यावेत. तेथे उन्हाने फरशीही सुकते. आणखी एक राहिले होते. मे महिन्यात सूर्य पश्चिमेपासून सुमारे वीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, त्यामुळे ज्या उत्तरेच्या खिडक्यांना आपण सुरक्षित समजतो त्यांच्यातही सायंकाळी तिरपे ऊन शिरते. त्या खिडक्यांच्या पश्चिम कडेला दीड फुटाची उभी भिंतीसारखी पट्टी बाहेर काढली की ते थांबते.

कलमी

झाडांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. उशिराचे ऊन पडवीच्या खालून येते आणि ते अडवायला माड उपयोगी नाही. त्याची सावली वर असते आणि खाली मोकळा बुंधा. जमिनीपासून भरलेले, बारमाही पानांचे झाड हवे. कोकम त्यासाठी उत्तम, पण ते सावकाश वाढते. बकुळ आणि उंडीही चालतील. तोपर्यंत मांडव घालून त्यावर वेल सोडावा.

आंबा आणि फणस मात्र घराच्या पश्चिमेला जवळ लावू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि पुढच्या वर्षी मेमध्ये आलेल्या तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पश्चिमेला मोडलेली फांदी वारा छपरावरच आणून टाकतो. मोठी झाडे पूर्ण वाढल्यावर जितकी उंच होतील तितके तरी अंतर राखावे. समुद्र पाहायचा आहे तेवढ्या पट्ट्यात झाड लावू नये आणि वायव्येकडची रांग दाट करावी, कारण वैशाखातला मावळता सूर्य तिकडेच असतो.

सड्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी जागेवर जाऊन, घराची पश्चिमेची भिंत जेथे येणार तेथे सहा फुटांची काठी रोवली आणि दुपारी तीनपासून सहापर्यंत दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी दगड ठेवले. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते. साडेपाचला सावली काठीच्या तिपटीहून लांब गेली, तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

आता ठरले आहे ते असे. दिवाणखाना वायव्येला, पुढे नऊ फुटांची पडवी आणि साडेसहा फुटांवर वळचण. स्वयंपाकघर आग्नेयेला व त्याला लागून दक्षिणेला खळे. ही गोष्ट आईने रातांबा यांचे उत्तर वाचताच निकालात काढली. आई-वडिलांची खोली त्यामुळे ईशान्येला गेली आणि तिला पूर्वेची खिडकी पलंगाच्या उंचीवर घेतली आहे. नैर्ऋत्येला न्हाणीघर आणि कोठी. काचेच्या दारांऐवजी मधोमध एक रुंद लाकडी दार आणि दोन्ही बाजूंना झडपांच्या खिडक्या. वास्तुविशारदांनी आधी थोडी नाराजी दाखवली, पण काठीच्या सावलीची मापे पाठवल्यावर पडवीचा नकाशा त्यांनी स्वतःच सुधारून दिला.

एकच शंका उरली आहे. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्याच उतारात पुढे वाढवावे, की भिंतीशी फूटभर खाली पायरी देऊन वेगळे घ्यावे? वेगळे घेतले तर मधल्या फटीतून गरम हवा बाहेर जाईल असे मला वाटते, पण झड त्याच फटीतून आत येईल अशी भीती आहे.

रातांबा

आमचे वेगळे आहे. फटीला आडव्या फळ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या बसवल्या आहेत आणि मुख्य छपराची वळचण तिच्यावरून दोन फूट पुढे आणली आहे. पडवी काढल्यापासून तेथून पाणी आलेले नाही. फळ्यांच्या आत बारीक जाळी मात्र लावून घ्या, आमच्याकडे पहिल्याच वर्षी पाकोळ्यांनी बिऱ्हाड केले होते.