वडिलांचा २०१३ चा कंप्युटर: अजून पैसे घालायचे की भंगारवाल्याला द्यायचा?

मुलुंडचा_उकाडा (धागाकर्ता)

मुलुंड पूर्वेला आमच्या घरी २०१३ साली असेंबल करून घेतलेला कंप्युटर आहे. आय-थ्री ३२२०, एच-६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. वापरणारं माणूस एकच: बाबा. वय ७४, सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, नोटिसा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि सोसायटीचं बँक खातंही यावरच बघतात.

परवा मोबाईलवर वेळ लावून बसलो. बटण दाबल्यापासून एक्सेलची शीट उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. बाबा बटण दाबून आत जातात, आधण ठेवतात, चहा गाळून बशी घेऊन येतात, तरी ते गोल चक्र फिरतंच असतं. ते स्वतः एका शब्दाने कुरकुरत नाहीत. कुरकुर माझी.

धाकटा भाऊ म्हणतो, काढून टाका, नवीन घ्या. मला पटत नाही. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर पेंगत होता आणि डिस्क पाच मिनिटं सलग १०० टक्क्यांवर. आचारी हात बांधून उभा आणि भाजी अजून बाजारातच, असला प्रकार. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते. तिचं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन हवा तो तुकडा सापडेपर्यंत १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ही वणवण संपते. तेव्हा २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम टाकली की अजून चार वर्षं निघतील, असं माझं मत. बोला.

खिडकी_बंद

साफ असहमत. वेगाचं गणित बरोबर आहे, पण प्रश्न वेगाचा नाहीच. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नाव नोंदवलं तर घरगुती वापराला मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. म्हणजे चार वर्षं कुठली काढताय? आणि त्यावर सोसायटीची बँक! कडी निखळलेल्या दाराला तुम्ही रंग काढताय. ऑफिसांतून लीज संपून निघालेले छोटे डेस्कटॉप ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडच्या कंप्युटर बाजारात मिळतात, आठव्या पिढीचा बघून घ्या आणि सुटा.

झटपट_उपाय

एवढं कशाला? विंडोजच्या नोंदी साफ करणारा एखादा रजिस्ट्री क्लीनर टाका, रोज डीफ्रॅग करा, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लागतात. आणि पेन ड्राइव्ह लावून रेडीबूस्ट चालू करा, तो रॅमला हातभार लावतो, फुकटात काम.

लॅमिंग्टनचा_चाकरमानी

झटपटराव, रेडीबूस्ट आलं २००७ साली, व्हिस्टाबरोबर, तेव्हा ५१२ एमबी रॅमवाल्यांची सोय होती. रजिस्ट्री क्लीनरने वेग वाढलेला मी दुकानात एकदाही पाहिला नाही. उलट तो टाकून बंद पडलेली मशीन मात्र आणून देतात लोक. आणि रोज डीफ्रॅग म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याला जिने चढायला लावणं.

मुलुंडकर, पैसे काढण्याआधी दोन गोष्टी करा. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा. आणि खोका उघडा. मुंबईतल्या दमट हवेत रॅमच्या दातांवर काळपट थर येतो. रॅम काढून ते सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबराने हलके घासा, चुरा झटका, परत बसवा. घड्याळ मागे जातं का? जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ चा सेल गेला. तारीख चुकली की ब्राउजर वेबसाइटींची प्रमाणपत्रं नाकारतो आणि लोक म्हणतात नेट गेलं.

निवृत्त_टंकलेखक

माझ्या मुलाने मागच्या दिवाळीत नवाकोरा लॅपटॉप आणून दिला. बटणं पापडासारखी चपटी, बोट कुठे पडतंय ते कळतच नाही. आता तो कपाटात, आणि मी परत माझ्या जुन्या टकटक कीबोर्डवर. वडिलांना विचारलंत का हो कोणी?

पेंग्विनप्रेमी

कोणीच म्हणत नाहीये म्हणून मी म्हणतो: विंडोजऐवजी लिनक्स मिंट, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. एसएसडी टाका आणि त्यावर मिंट चढवा. अपडेट चालू राहतात, परवाना फुकट, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. खिडकी_बंद यांचा आक्षेपही मिटला.

निवृत्त_टंकलेखक

आणि श्रीलिपी? त्या नोटिसा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरांत, नसतात. फॉन्ट नसेल तर "सर्व सभासदांस कळविण्यात येते" च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मी भोगलंय.

पेंग्विनप्रेमी

फॉन्टची फाइल मिंटवर टाकली की जुनं वाचता येईल. टाइप करायला मात्र श्रीलिपी विंडोजवरच हवी, हे मान्य. पण कधीतरी युनिकोडवर यावंच लागेल ना काका?

निवृत्त_टंकलेखक

येऊ की. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सर्वसाधारण सभेच्या तोंडावर नको एवढंच म्हणणं.

मुलुंडचा_उकाडा

काल रात्री गॅलरीत वर्तमानपत्र पसरून खोका उघडला. पंख्याच्या पात्यांवर राखाडी गोधडी. तिच्यात एक उदबत्तीची काडी आणि एक रबरबँड (देवघर वरच्या फळीवर आहे, त्याचा प्रसाद). प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, खरवडून नवीन लावली. खोडरबर भाचीच्या कंपासपेटीतून उचललं. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे, आणि दर दोन मिनिटांनी, "स्क्रू बशीत ठेव, बशीत."

नंतर पुन्हा वेळ लावली: ६ मिनिटं २५ सेकंद. पंधरा सेकंद कमी झाले, आणि पंख्याचा तो विमान उतरल्यासारखा आवाज गेला. बस्स.

पण खरी बातमी पुढे आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवला. पेंडिंग सेक्टर ४८.

लॅमिंग्टनचा_चाकरमानी

मग वादच मिटला. ते सेक्टर डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. तीच जागा ती पुन्हापुन्हा वाचत बसते, तुमच्या सहा मिनिटांतली बरीच मिनिटं तिथेच जात असणार. आज रात्री बाकी काही करू नका, एक्सेल, नोटिसा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. क्लोनिंगच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवण्याच्या, भानगडीत पडू नका, खराब सेक्टरवर अडकून बसतं. नवीन एसएसडीवर कोरी विंडोज टाका. परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, ती आपोआप चालू होते. श्रीलिपीची सीडी आणि परवान्याचं डोंगल मात्र आधी शोधून ठेवा.

एच-६१ ला साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या वायरीचा, जुना ३ गिगाबिटवाला वेग मिळतो, म्हणून कोणी महागडी एसएसडी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. साधी चालेल.

खिडकी_बंद

वाद कसा मिटला? एसएसडी घ्या, माझी हरकत नाही, उद्या नव्या मशीनमध्ये हलवता येते. पण रॅमवर आता पैसे घालू नका. तुमच्या बोर्डाची डीडीआर३ ही जुनी रॅमची काडी नव्या बोर्डात बसतच नाही, ते पैसे त्या खोक्याबरोबरच जाणार. आणि बँक त्यावरून बंद करा. मोबाईल आहे ना वडिलांकडे?

मुलुंडचा_उकाडा

मोबाईल आहे, पण त्यावर बँकेचं अक्षर मुंगीएवढं. ते २२ इंची पडद्यावर चष्मा कपाळावर चढवून बघतात. शिवाय नेटबँकिंग फक्त बघायला, पैसे चेकनेच जातात, आणि चेकवर दोन सह्या लागतात.

खिडकी_बंद

पासवर्ड चोरणाऱ्याला तुमच्या दोन सह्यांशी काय देणंघेणं? १२० सभासदांचे फोन नंबर आणि थकबाकीची यादी त्या एक्सेलमध्येच आहे ना? मग झालं तर.

मुलुंडचा_उकाडा

सभासद ६४ आहेत, पण मुद्दा कळला. सध्याचं ठरलंय ते असं. एसएसडी घ्यायची. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवायचं. ऑक्टोबर २०२६ पर्यंत हाच खोका, नंतर त्यातली एसएसडी काढून आठव्या पिढीच्या डब्यात. रॅमबद्दल मात्र तुमचं ऐकणार नाही. ४ जीबीत क्रोमच्या पाच खिडक्या आणि एक्सेल एकत्र उघडलं की सगळं डिस्कवर ढकललं जातं. सेकंडहँड काडीला एका पिक्चरच्या तिकिटांपेक्षा जास्त पडत नाही.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न एवढाच, "मग चहा केव्हा करायचा?"

रविवारी ग्रँट रोडला उतरून आणतो दोन्ही.

लॅमिंग्टनचा_चाकरमानी

रविवारी नको, बहुतेक शटर खाली असतात. शनिवारी दुपारी चारच्या आत या. जुनी रॅम खिशात घालून आणा, तिच्यावरच्या आकड्यांवरून जोडी लावता येते. लॅपटॉपची आखूड काडी कोणी हातात देईल, ती तेवढी घेऊ नका.