फिक्या रंगाचं विनाइल फ्लोअरिंग लहान मुलांच्या घरात चालेल का? शेड ठरवायला मदत हवी

मृणाल_धायरी

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय कारण डीलरला याच आठवड्यात शेड सांगायचीय. आमचा धायरीत ३ बीएचके आहे, पश्चिमेकडे बाल्कनी, सगळीकडे बिल्डरने दिलेल्या आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स. टाइल्सना तसं काही झालेलं नाहीये पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, थंडीत त्यांना त्या गार फरशीवर पाय टेकवत नाही, आणि धाकटा चार वर्षांचा आहे तो दिवसभर खालीच लोळत असतो. फरशी फोडायची नाही, घरात राहूनच काम करून घ्यायचंय, म्हणून वरूनच क्लिकवालं एसपीसी विनाइल (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या, एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या) टाकायचं ठरलंय. हॉल, पॅसेज आणि तिन्ही बेडरूम मिळून साधारण ७०० स्क्वेअर फूट.

गाडी अडलीय रंगावर. पॅसेजमध्ये उजेडच नाही, त्यामुळे मला फिकाच रंग हवाय. नवऱ्याचं म्हणणं आहे की आपल्या घरात फिकं टाकलं तर महिन्याभरात कळकट दिसायला लागेल, डार्क वॉलनट घेऊ. त्याचंही अगदी चूक वाटत नाही, कारण मोठी मुलगी घरातच स्केटिंगची प्रॅक्टिस करते, रात्रीची जेवणं हॉलमध्ये टीव्हीसमोर होतात, मावशी फिनेल टाकून फरशी पुसतात आणि देव्हारा हॉलच्या कोपऱ्यात आहे म्हणजे हळद, कुंकू, तेल रोजचंच.

डीलरने फिक्यात तीन दाखवलेत, एक जवळजवळ पांढरा, एक करडा आणि एक मधाळ बेज ओक. शिवाय दोन जाडी आहेत, ४ एमएमचं ज्याचा वेअर लेयर (म्हणजे झीज सोसणारा वरचा पारदर्शक थर) ०.३ एमएम आहे आणि ५.५ एमएमचं ज्याचा ०.५ आहे, स्क्वेअर फुटाला २५ रुपयांचा फरक पडतोय. ७०० फुटाला ती रक्कम छोटी नाही. ज्यांच्या घरात खरंच फिकं विनाइल आहे त्यांनी प्लीज सांगा, वापरून कसं वाटतंय.

ठाणेकर_शुभा

मृणाल, आमच्याकडे फिका ओक आहे, घरात दोन मुलं आणि एक कुत्रा, आणि मी तरी पुन्हा फिकंच घेईन. डार्कमध्ये घाण दिसत नाही हा मोठा गैरसमज आहे गं. आपल्याकडची धूळ असते मातकट करड्या रंगाची, ती वॉलनटवर सकाळी पुसली की दुपारपर्यंत पिठासारखी दिसायला लागते, माझ्या जावेकडे डार्क आहे आणि तिथे अनवाणी चाललं तरी पावलं उमटतात. आणि ओरखडे, विनाइलवर ओरखडा पडला की तो पांढुरका दिसतो, म्हणजे डार्कवर लांबून ओरडतो आणि फिक्यावर शोधावा लागतो. पश्चिमेची बाल्कनी म्हणतेस तर दुपारच्या उन्हात डार्क पट्ट्या तापतात पण जास्त.

पण फिकं म्हणजे पांढरं नाही हां. तो जवळजवळ पांढरा आत्ताच बाजूला काढ. त्यावर प्रत्येक केस दिसेल, चहाचा प्रत्येक थेंब दिसेल. करडा शोरूममध्ये फार छान दिसतो पण तुमच्या भिंती आयव्हरी किंवा क्रीम असतील आणि फर्निचर सागवानी असेल तर घरी आणल्यावर तो सिमेंटसारखा दिसतो, त्यात आपण लावतो ते पांढरेशुभ्र ६५०० केल्व्हिनचे एलईडी, त्यांच्या उजेडात अजूनच मरगळलेला.

डीलरकडून हातभर तुकडा घेऊ नकोस, अख्खी पट्टी माग, तीनचार असतील तर उत्तम. त्या जोडून एकदा बाल्कनीच्या दारात ठेव, एकदा पॅसेजमध्ये, दुपारी चारला बघ आणि रात्री ट्यूब लावून बघ. मग ओल्या पायाने त्यावरून चाल आणि वाळू दे, थोडी कणीक सांड, एक केस टाक. उभं राहून बघायचं, वाकून नाही, कारण रोज आपण उभ्यानेच बघतो. ज्या पट्टीवर रेषा आणि गाठी दिसतात, दोनतीन छटा मिसळलेल्या आहेत, ती सगळं पोटात घेते. एकसारखा सपाट रंग काहीच लपवत नाही. आणि फिनिश मॅटच घे, चकचकीत असेल तर पुसल्याचे फराटे दिसतात.

गवंडी_ते_इंटिरियर

मी नाशिकला फ्लोअरिंगची कामं करतो त्यामुळे रंगाचं ताईंनी सांगितलंय ते सोडून बाकीचं सांगतो.

०.५ च घ्या. एकूण जाडीला लोक भुलतात पण झीज होते ती वरच्या पारदर्शक थराची, खालचा भाग चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा असतो, तो कितीही जाड असला तरी वरचा थर गेला की प्रिंट उघडी पडते. फिक्या रंगात हे आधी दिसतं, दारासमोर आणि सोफ्यापुढे जिथे रोज पाय घासतात तिथे कळकट पट्टा तयार होतो, मग कितीही पुसा, जात नाही, कारण तिथे बारीक ओरखड्यांत मळ बसलेला असतो. युरोपच्या रेटिंगमध्ये ०.३ साधारण २३/३१ क्लासला बसतो, म्हणजे घरात भरपूर वापर आणि ऑफिसमध्ये हलका. ०.५ वाला त्याच्या वरच्या क्लासला जातो. दोन मुलं आणि स्केटिंग म्हणताय म्हणून सांगतोय, दोघंच राहणारे असते तर ०.३ चाललं असतं. बजेट ताणलं जात असेल तर हॉल पॅसेजला ०.५ आणि बेडरूमला ०.३ करा, पण मग दोन्हीची जाडी वेगळी म्हणून दारात जोडपट्टी टाकावी लागेल आणि शेड एकच असली तरी बॅच जुळेलच असं नाही. बॉक्सवर २० मिल असं लिहिलेलं दिसलं तर तो २० मिलिमीटर नाही हां, २० मिल म्हणजे ०.५ एमएम आणि १२ मिल म्हणजे ०.३. काही सेल्समन त्यात घोळ घालतात.

आता टाइलवर टाकायचंय तर आधी एक काम करा. हातात नाणं घेऊन सगळ्या टाइल्स ठोकत फिरा. जी पोकळ वाजेल तिथे खडूने खूण. पोकळ टाइल खाली दबते आणि वरच्या पट्टीचं लॉक तुटतं, मग सांधा उघडतो आणि फिक्या रंगात तो सांधा काळ्या रेघेसारखा दिसतो. टाइल्सवर दोन मीटरची सरळ मोजपट्टी ठेवून तिच्याखाली ३ एमएमपेक्षा जास्त फट असेल तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड भरून घ्या. भिंतीपासून ८ ते १० एमएम गॅप सुटलाच पाहिजे, उन्हाने विनाइल पसरतं, पश्चिमेच्या बाल्कनीपाशी तर नक्कीच. कारागीर गॅप न सोडता भिंतीला चिकटवून लावत असेल तर काम थांबवा. वॉर्डरोब भिंतीला फिट केलेले असतील तर त्यांच्या कडेपर्यंतच लावायचं, पट्टीतून स्क्रू मारून काही बसवलं तर ती हलू शकत नाही आणि दुसरीकडे फुगते. दारं खालून तासावी लागतील, त्याचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का विचारा, बहुतेक नसतात.

पेरूची_बाग

मी वेगळं मत देते, राग मानू नका. सासूबाईंच्या पायाला गार लागतंय एवढंच असेल तर जाड सतरंजी आणि घरात घालायच्या चपला यात भागतं. विनाइलवर रोज दहा गोष्टी जपायच्या आणि आयव्हरी टाइल्स काहीही सहन करतात, त्या पंचवीस वर्षं टिकतील. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी तळमजल्यावर टाकलं, बाथरूमचं पाणी दाराखालून आत गेलं, वरून काही कळलं नाही पण पावसाळ्यात घरात कुबट वास यायला लागला, उचललं तर खाली सगळं ओलं. वॉटरप्रूफ पट्टी असते, खालची जमीन नाही.

गवंडी_ते_इंटिरियर

ताईंचं पाण्याचं म्हणणं एकदम बरोबर आहे. बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटचा उंबरठा नसेल तर आधी तो बसवा आणि तिथल्या कडेला सिलिकॉन भरा, मगच बेडरूमला हात घाला. किचनला आणि ड्राय बाल्कनीला टाकूच नका. सिलेंडरचं खालचं लोखंडी कडं ओढलं की वेअर लेयर कापला जातो, तिथे ०.५ पण वाचत नाही. बाल्कनीत ऊनपाऊस, तिथेही नको.

स्वयंपाकघरातली_काकू

माझ्याकडे देव्हाऱ्याखाली फिकं विनाइल आहे म्हणून मुद्दाम लिहायला आले. मृणाल, हळदीचा डाग पडला की पहिली गोष्ट म्हणजे साबण लावायचा नाही. हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ना त्यातलाच प्रकार, आणि मग बाईमाणूस घाबरून अजून घासतं. कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, मग साध्या पाण्याने, आणि फिकट पिवळं राहिलं तर तिथे ऊन येऊ द्यायचं. हळद उन्हात उडते. माझ्याकडे वरणाचा डाग खिडकीजवळ होता, काही न करता गेला. पॅसेजमधल्या डागाला ऊन मिळणार नाही म्हणून तिथे लगेच टिपणं महत्त्वाचं.

मेंदी आणि केसांचा कलर मात्र हळदीसारखे नाहीत. मेंदी जमिनीवर बसून काढायची नाही, खाली जुनी चादर, आणि केसांचा कलर बाथरूममध्येच. नेलपेंट सांडलं तर रिमूव्हर अजिबात लावू नकोस, ॲसिटोनने विनाइलचा वरचा थरच विरघळतो. स्केचपेनच्या रेघा ओल्या फडक्यावर थोडं सॅनिटायझर घेऊन निघतात, आधी कोपऱ्यात करून बघ.

देव्हाऱ्यापुढे संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा एक तुकडा ठेव, समई, निरांजन, उदबत्ती सगळं त्यावर. तेल पुसता येतं पण उदबत्तीचं जळतं टोक पडलं तर तो डाग कशानेच जात नाही, तो डाग नसतोच, प्लास्टिक वितळलेलं असतं. रांगोळी पाटावर काढ, रंगांची पूड पट्टीच्या खोबणीत बसते.

आणि फिनेल बंद कर. फिनेलने जमिनीवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ धरते, फिक्या रंगात तोच कळकटपणा दिसतो ज्याची तुझ्या नवऱ्याला भीती वाटतेय. फरशी खराब झालेली नसते, फिनेलचा थर असतो. बादलीत सौम्य फ्लोअर क्लीनरचे थोडेसे थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, बस. मावशींना आधी झाडून मग पुसायला सांग, खडा राहिला आणि फडक्याखाली आला की तोच ओरखडे पाडतो. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड चुकूनही नको.

रत्नांग्री

आमच्याकडे तांबडी माती, पावसात तर विचारूच नका, तरी घरात बेज विनाइल आहे आणि बरं चाललंय. एकच सांगतो, पायपुसणं. दाराबाहेर काथ्याचं जाड आणि आत सुती. आत रबर बॅकिंगचं पायपुसणं ठेवायचं नाही, रबरातलं केमिकल विनाइलमध्ये उतरतं आणि खाली पिवळा चौकोन पडतो. तो कायमचा. फिक्यावर लगेच नजरेत भरतो. कॉम्प्युटरच्या खुर्चीची चाकं, टेबलाच्या पायाचे रबरी बूच, मुलांच्या सायकलचे टायर, सगळ्यांना तेच लागू. खुर्च्यांना फेल्टचे बूच लावा.

मृणाल_धायरी

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. काल डीलरकडून तिन्हीच्या अख्ख्या पट्ट्या आणल्या. शुभाताई, पांढऱ्यावर कणीक दिसत नव्हती पण मुलीचा एक केस दारातून दिसला, तो बाद. करडा रात्री ट्यूबखाली खरंच निळसर वाटला आणि सागवानी दिवाणाशेजारी तर अगदीच परका. बेज ओक ओल्या पायांनीही वाळल्यावर काही दाखवला नाही, आणि आता नवऱ्यालाही पटलाय कारण त्याने स्वतः किल्लीने वॉलनटच्या सॅम्पलवर आणि ओकच्या सॅम्पलवर ओरखडा काढून बघितला. ०.५ चं घेतोय, सगळीकडे एकच.

पेरूची_बाग ताई, राग कसला, तुमच्यामुळेच मी मास्टर बेडरूमच्या बाथरूमचं दार जाऊन बघितलं, उंबरठा नाहीये. तो आधी करून घेतेय. आणि नाणं घेऊन फिरले, पॅसेजच्या तोंडाशी पाच टाइल्स पोकळ निघाल्या.

दोनच शंका. पॅसेज अरुंद आहे तिथे पट्ट्या उभ्या टाकायच्या का आडव्या? आणि माल किती जास्त घेऊ? डीलर म्हणतो ७०० ला ७०० पुरेल.

गवंडी_ते_इंटिरियर

७०० ला ७०० कधीच पुरत नाही, कापाकापीत जातं. सात ते दहा टक्के वर धरा, आणि त्याशिवाय एक बॉक्स माळ्यावर ठेवायला, कारण पुढे एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर हीच बॅच बाजारात मिळणार नाही आणि फिक्या शेडमध्ये बॅचचा फरक लगेच कळतो. १२२० बाय १८० ची पट्टी असेल तर एका पट्टीत जेमतेम २.३६ स्क्वेअर फूट भरतात, बॉक्समध्ये किती पट्ट्या आहेत ते बघून हिशोब करा. सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर एकच आहे का ते टेम्पोतून उतरवताना बघा, नंतर नाही.

पॅसेजमध्ये लांबीच्या दिशेने, म्हणजे आपण चालतो त्या दिशेने टाका. आडव्या टाकल्या तर सांधे वाढतात आणि पॅसेज तुटक दिसतो. तीच दिशा हॉलमध्ये जाऊ द्या. लावताना कारागिराला चारपाच बॉक्स एकदम उघडायला लावा आणि मिसळून पट्ट्या घ्यायला सांगा, एकाच बॉक्समधून लावत गेला तर तीच गाठ दोन फुटांवर परत दिसते. माल आला की बॉक्स आडवे ठेवून दोन दिवस खोलीतच राहू द्या, बाल्कनीत उन्हात नको.

पाच पोकळ टाइल्स काढून तिथे प्लॅस्टर भरून घ्या आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय वर काही टाकू नका, कारागीर घाई करेल, ऐकू नका.