हापूसला मोहोर भरपूर, पण कणी (बारीक फळ) धरत नाही. मदत हवी आहे

पाणंद
पानं दिसत नाहीत इतका मोहोर आलाय आणि कणी नाही. थोडी धरली तीही गळली. खतं वेळेवर दिलीत. मागाहून आलेला मोहोर अजून फुलतोय, तो तरी हातचा जाऊ नये. काय करू ते लवकर सांगा.

शेवरी
बाग कुठे? खाडीकाठी की आत? मोहोर कधीचा? फवारणी कशाची, कधी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पाणंद
दापोलीच्या आत, डोंगरउतारावर. सगळी कलमं हापूसच. पाऊस दिवाळीनंतरही चालू होता, त्यामुळे पालवीच फुटत राहिली. मोहोर जानेवारीत, ऐन थंडीत.

तात्या बागायतदार
हा पुनर्मोहोर. थंडी लांबली की कणीवाल्या फांदीवर परत मोहोर येतो आणि आधीची कणी गळते. जिब्रेलिक आम्ल (वाढीचं संजीवक) 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम, फवारा.

पाणंद
तात्या, मी पहिल्याच मोहोराबद्दल विचारतेय. त्यालाच कणी नाही.

सातेरी
मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. आमच्याकडे पेट्या आल्यापासून आंबा वाढला.

शेवरी
पेट्यांवर भिस्त नको. आंब्याच्या फुलात मकरंद थोडा, शेजारी दुसरं काही फुललं की मधमाशी तिकडे जाते. आंब्याचं काम मुख्यतः साध्या माश्या करतात, घरमाशी, निळी-हिरवी माशी. गारठ्यात त्या उशिरा बाहेर पडतात. मोहोर घडताना थंडी असेल तर नर फुलं जास्त निघतात आणि पारा 10 अंशांखाली गेला तर परागही नीट पोसत नाही. त्यात हापूस स्वतःच्या परागावर फारसा धरत नाही. मध्ये केसर, रत्ना अशा दुसऱ्या जाती हव्यात.

सातेरी
मग आमच्याकडे कसा धरला?

शेवरी
तुम्हीच मागे लिहिलं होतंत, बांधावर पायरी आणि रायवळ (कोयीपासून वाढलेले गावठी आंबे) आहेत. पराग त्यांचा. ते श्रेय पेटीला कसं देता?

गच्चीवरची वेल
पुण्यात गच्चीवर दुधी लावलाय, बारीक दुधी पिवळे पडून गळतात. जिब्रेलिक चालेल का?

सातेरी
नको. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलावर फिरवा. बाकी वेगळ्या धाग्यात विचारा.

शेवरी
पाणंदताई, फवारणीचं राहिलं.

पाणंद
तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) दिसले म्हणून फुललेल्या मोहोरावर घेतली. सकाळी.

शेवरी
सकाळीच फुलं उमलतात, तेव्हाच माश्या येतात. फवारणी बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना घ्यायची, फुललेल्या मोहोरावर नाही.

तात्या बागायतदार
सांगायला सोपं आहे. तुडतुडा सोडला तर मोहोर काळा पडतो, मग माशी येऊन काय करणार? अवकाळी पाऊस आला तर करपा रोग वेगळाच.

शेवरी
मान्य. पण सरसकट नको, आधी तुडतुडे किती ते बघा. ताई, मोहोराच्या शेंड्याकडची फुलं बघा, मध्ये हिरवा दाणा आहे का?

पाणंद
बघून आले. शेंड्याकडे आहे, खाली जवळजवळ नाही. माशी एकही दिसली नाही.

शेवरी
म्हणजे फळ धरणारी फुलं आहेत, पराग पोचत नाहीये. मागाहून आलेला मोहोर फुलेल तेव्हा फवारणी थांबवा. जवळ रायवळ फुललेला असेल तर मोहोराच्या डहाळ्या आणून पाण्याच्या डब्यांत कलमांवर टांगा. आणि पावसाळ्यात थोडी केसरची कलमं लावाच.

तात्या बागायतदार
डहाळ्या टांगा, पण रोज मोहोर झटकून तुडतुडे बघत जा. वाढले तर इथे लिहा, औषध मी सांगतो.