मदत हवी आहे: भंडारदऱ्याला काजवे पाहण्यासाठी लहान मुलांसह तंबूत मुक्काम

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला जाऊन जलाशयाच्या काठी एक रात्र तंबूत राहण्याचा आमचा विचार आहे. सोबत नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असतील. मुलांना घेऊन तिथे राहिलेल्यांचा आणि त्या भागातील रहिवाशांचा सल्ला हवा आहे.

मला सर्वांत अवघड वाटतो तो अंधार. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवरची लखलख पाहायची तर विजेऱ्या बंद ठेवाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे, कारण प्रखर प्रकाशाने काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर साप-विंचवांचाही वावर असतो आणि चार वर्षांचे मूल पाऊल कुठे टाकते हे पाहत नाही. धाकट्याला कडेवर घ्यायचे, मोठीला घोट्याच्या वर येणारे बूट घालायचे आणि विजेरीला लाल जिलेटीनचा कागद लावून उजेड फक्त पायाशी पाडायचा, एवढे आम्ही ठरवले आहे. तेथील वाटाडे यावर आक्षेप घेतात का, आणि झाडाखाली न जाता वाटेवरूनच काजवे नीट दिसतील अशी जागा आहे का?

दुसरी काळजी झोपेची आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे मूल पोट किंवा घसा दुखतो म्हणते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना ते अपचन वाटते. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबूच हवा, असे मी एका आयोजकांना सांगितले, तेव्हा "ताई, आजवर इथे कुणाला काही झालेले नाही," एवढेच उत्तर मिळाले. ते मला पुरेसे वाटत नाही. उंदीर येऊ नयेत म्हणून तंबूत खाऊ ठेवणार नाही आणि सकाळी बूट झटकूनच घालणार आहोत. भाड्याच्या तंबूत खाटा मिळतात का?

दंश झालाच तर आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही, अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठायचे, हे घरातील सर्वांना सांगून ठेवले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण काजव्यांच्या हंगामात शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, त्यामुळे आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशीच जाणार आहोत. शेंडी, राजूर आणि अकोले यांपैकी सर्पदंशाचे प्रतिविष आणि विंचूदंशासाठीचे प्राझोसिन रात्रीही खात्रीने कुठे मिळते, हे स्थानिकांनी कृपया सांगावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे विंचूदंशावरचे हे औषध सर्वांना ठाऊक झाले आहे, पण ते वेळेत मिळणे महत्त्वाचे.

जलाशयाच्या उतरत्या, चिखलट काठावर मुलांना मोठ्यांचा हात धरल्याशिवाय जाऊ देणार नाही. वळवाच्या विजा कडाडू लागल्या तर तंबू सोडून गाडीत बसायचे, म्हणून गाडी तंबूजवळ उभी करता येईल असे ठिकाण सुचवावे.

या वयाच्या मुलांसाठी तंबूपेक्षा गावातील एखाद्या घरी मुक्काम करणे बरे, असे अनुभवी मंडळींचे मत असेल तर तेही स्पष्ट सांगावे. आम्ही अजून पैसे भरलेले नाहीत.